कॅट खाली आहे

दोन वर्षांपूर्वी दिवाळीची अख्खी सुट्टी मी एकाच प्रश्नात घालवली. गाडीला हेडर लावायचा, तो कॅटवाला की बिनकॅटचा? चकल्या विकतच्या आल्या, पडदे धुवायचे राहिले, आणि नवरा रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन विचारायचा, ठरलं का तुझ्या मांजराचं? त्याला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. घाटकोपरला मेट्रोत बसायचं, अंधेरीला उतरायचं, संध्याकाळी उलटं, एवढ्यात तो सुखी आहे.

मी काही गॅरेजात वाढलेली बाई नाही. मुलुंडच्या एका ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. उत्प्रेरकाचा धडा इतक्या वेळा शिकवलाय की झोपेत म्हणून दाखवेन: उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः खर्ची पडत नाही. मग उदाहरण म्हणून फळ्यावर एक चौकोन काढते. डावीकडून इंजिनाचा विषारी धूर आत जातो, उजवीकडून वाफ, नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर येतो. चौकोनात लिहिते, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर; गाडीवाल्यांच्या भाषेत नुसती कॅट. मुलं तो चौकोन पट्टीने आखून वहीत उतरवतात आणि परीक्षेत दोन मार्क मिळवतात. खरा चौकोन कसा दिसतो हे मीही कधी पाहिलं नव्हतं. सगळ्या गोष्टींच्या आत डोकावायची खोड असलेल्या बाईने हे एवढं मात्र पाहिलं नव्हतं, याचं मला आता हसू येतं.

गाडी मला बाबांनी दिली. ते हवा तपासणाऱ्या एका सरकारी प्रयोगशाळेत होते. चौकाचौकांत यंत्रं लावायची, चोवीस तासांनी त्यातला पांढरा कागद काढून आणायचा आणि त्यावर बसलेला काळा थर तोलायचा, हे त्यांचं काम. मी सात-आठ वर्षांची असताना त्यांनी मला असा एक कागद दाखवला होता. पातेल्याच्या बुडासारखा काळा. हा अंधेरीचा एक दिवस, असं त्यांनी सांगितलं. मी त्याला बोट लावलं आणि बोट नाकाशी नेलं. दुसरा कुणी बाप ओरडला असता. यांनी मला वास कसा आहे ते विचारलं, आणि मी काय म्हणते ते लक्ष देऊन ऐकलं.

एरवी मात्र माणूस कडक. मूळचे मालवणकडचे, पण घरात मालवणी बोलायचे नाहीत. ऑफिसची भाषा आणि घरची भाषा एकच, शुद्ध आणि मोजकी. ऑफिसचं पेन चुकून खिशातून घरी आलं तर दुसऱ्या दिवशी परत जायचं. आमच्याकडे फटाके नव्हते, रद्दी जाळणं नव्हतं, आणि रिक्षावाला धूर सोडत असला तर बाबा उतरून दुसरी रिक्षा करायचे. आई वैतागायची. मला लाज वाटायची आणि अभिमानही वाटायचा, दोन्ही एकाच वेळी. पुढे वर्गात उत्प्रेरक शिकवताना मी बाबांची ही रिक्षाची गोष्ट हमखास सांगायचे.

आई गेल्यावर दुसऱ्या वर्षी ते निवृत्त झाले आणि त्यांनी गाडी घेतली. जन्मभर स्कूटर चालवलेला माणूस. मला वाटलं छोटी, शहाणी, पांढरी गाडी येईल. आली ती दीड लिटरची निळी सेडान, जिचं इंजिन मिनिटाला सात हजार फेऱ्यांपर्यंत तक्रार न करता चढत जातं आणि जिच्यासाठी अर्ध्या वयाची मुलं वेडी असतात. शोरूममधून नवी कोरी. हीच का, असं मी विचारलं तर इंजिन चांगलं आहे एवढंच म्हणाले. काही वर्षं ते सकाळी लवकर उठून कांदिवलीहून घोडबंदर रोडला एकटे चक्कर मारून यायचे. मग एके रविवारी आमच्याकडे जेवायला आले आणि ताटाशेजारी किल्ली ठेवली. ‘मला पुरे झाली. तू चालव आता,’ म्हणाले. मी ते वयावर घातलं.

आणि मग मला त्या गाडीचा नाद लागला. मुलुंडला जाताना पूर्व द्रुतगती मार्ग सकाळी थोडा मोकळा असतो, तिथे तिसऱ्या गिअरमध्ये ती जी काही गायची, त्याने कॉलेजच्या पहिल्या तासाचा सगळा शीण आधीच निघून जायचा. मी व्हिडिओ बघायला लागले. लोक इंजिनं कशी खोलतात, नळ्या कशा वाकवतात, ते बघता बघता एक दिवस हेडर या वस्तूपाशी येऊन थांबले.

प्रकरण साधं आहे. इंजिनाचे चार सिलिंडर चार तोंडांनी धूर बाहेर टाकतात. कंपनी त्या चार तोंडांना बिडाची एक आखूड, जाड नळी, म्हणजे मॅनिफोल्ड, जोडते आणि तिच्या लगेच खाली कॅटचा डबा बसवते. हेडर म्हणजे त्या जागी लांब, गुळगुळीत, नीट वाकवलेल्या चार नळ्या. चाराच्या दोन होतात, दोनाची एक. धुराला दाटी होत नाही, इंजिन मोकळा श्वास घेतं. प्रश्न एवढाच की त्या एका नळीत पुढे कॅट ठेवायची की नाही. कॅटवाल्या हेडरमध्ये विरळ जाळीची कॅट असते, ती धूरही साफ करते आणि वाटही फारशी अडवत नाही. बिनकॅटच्यात सरळ भोक. आवाज जास्त, जोर किंचित जास्त, आणि धूर जसा निघाला तसा हवेत. कायद्याला तो चालत नाही हे गॅरेजवाले सांगतात आणि लगेच भाव सांगतात.

ज्याच्याकडे मी जायला लागले तो गॅरेजवाला जोगेश्वरी पूर्वेला, गुंफांच्या अलीकडच्या गल्लीत बसतो. पन्नाशीचा, कमी बोलणारा, उत्तर प्रदेशातून लहानपणी आलेला. त्याचं मराठी आणि माझं हिंदी साधारण सारख्याच लायकीचं, त्यामुळे आमचं बोलणं दोन्हींच्या मधल्या कुठल्या तरी भाषेत चालायचं. पहिल्या दिवशी त्याने मला नव्या कॅटच्या आतली जाळी हातात दिली. मधाच्या पोळ्यासारखी, पण इतकी बारीक की बोटाने चाचपली तर खरखरीत कापड वाटावं. मी ती डोळ्याशी धरून त्याच्या ट्यूबलाइटकडे बघितलं. हजारो छोटी भोकं आणि प्रत्येकात उजेड. इतकी वर्षं मी जो चौकोन काढत होते तो हा. मी ती जाळी वर्गात दाखवायला मागितली. तो म्हणाला, आतला मुलामा महागाच्या धातूचा आहे, घेऊन जा, पण परत आणा.

मी प्रयोग करायचं ठरवलं. त्याच्याकडे त्या आठवड्यात माझ्याच गाडीच्या दोन जुळ्या बहिणी आलेल्या होत्या, एकीला कॅटवाला हेडर, दुसरीला बिनकॅटचा. दोन्ही चालू करून मी आळीपाळीने मागे उकिडवी बसले. पहिलीचा धूर म्हणजे नुसती गरम, ओलसर हवा, इस्त्रीच्या कपड्यांसारखी. दुसरीने दहा सेकंदांत डोळ्यांत पाणी आणलं. कच्च्या पेट्रोलचा, घशात अडकणारा वास. शास्त्राला धरून असावं म्हणून मी तुलनेला माझी स्वतःची गाडीही चालू करायला लावली. तिचाही वास दुसरीसारखाच आला. यावर मी जी मखलाशी केली ती आज आठवली की कानशिलं तापतात. मी गॅरेजवाल्याला समजावलं की उत्प्रेरक तापल्याशिवाय काम करत नाही, माझी गाडी तासभर उभी होती, म्हणून वास. त्याने मान डोलावली. माझं ज्ञान खरं होतं, फक्त तिथे लागू नव्हतं.

घरी येऊन मी तक्ता केला. एका बाजूला आवाज, जोर, वजन. दुसऱ्या बाजूला वास, कायदा, आणि बाबा. बाबा हे एकच कलम सगळ्यांना पुरून उरेल असं मला वाटत होतं. बिनकॅटचा मोह मात्र सुटत नव्हता. तो आवाज मी ऐकलेला होता. शेवटी चार दिवस स्वतःशी भांडून मी कॅटवाला ठरवला, आणि आता बाबांना सांगून शाबासकी घ्यावी म्हणून भाऊबीजेच्या आदल्या दिवशी कांदिवलीला गेले.

शाबासकी राहिली बाजूला. हेडर शब्द ऐकताच त्यांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. गाडीला हात लावायचा नाही, कंपनीने दिलंय ते तसंच राहू दे, असं म्हणाले. मी सांगितलं की बाबा, कॅटवाला घेतेय, धूर साफच राहील. तरी नाही. मी त्यांना जाळीचं सगळं समजावलं, दर चौरस इंचाला किती भोकं असतात तेसुद्धा. एरवी हा माणूस अशा गोष्टीत रमला असता, कागद घेऊन बसला असता. त्या दिवशी त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला राग आला. तुम्ही गाडी दिलीत ती दिलीत, आता तिच्यात काय करायचं ते मी बघीन, असं मी ताडकन बोलून बसले. ते उठून गॅलरीत गेले आणि तुळशीला पाणी घालू लागले. सकाळीच घातलेलं होतं, कुंडीतून पाणी वाहायला लागलं.

परत येताना राग उतरला आणि कुतूहल उरलं. बिनकॅटच्याला विरोध असता तर कळलं असतं. पण कॅटवाल्या हेडरला, म्हणजे जी गोष्ट त्यांच्या जन्मभराच्या मताशी जुळते तिला, त्यांचा विरोध का असावा? मी कारणं शोधत राहिले. कदाचित गाडीत आईची काही आठवण असेल. पण आई त्या गाडीत कधी बसलीच नव्हती.

गाडी मी मापं घ्यायला गॅरेजात ठेवून आले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवाल्याचा फोन आला.

‘मॅडम, आपका कॅट तो खाली है.’

मी भाऊबीजेच्या स्वयंपाकात होते, एका हातात झारा. खालीच असते ना, मी म्हटलं, मॅनिफोल्डच्या खाली. मग त्याने विचारलं की असाच ठेवायचा का. मी म्हटलं, हो, खालीच राहू दे, उगाच वर घेऊ नका, तिथे उष्णता जास्त. तो म्हणाला ठीक आहे, पण मग बिनकॅटचाच घ्या, पैसे का घालवता, तुम्हाला फरक काहीच कळणार नाही. मला वाटलं, याला आपलं दुकान चालवायचंय. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की आमच्या घरात असलं चालत नाही. फोन ठेवून मी करंज्या तळल्या.

दोन दिवसांनी गाडी आणायला गेले तेव्हा त्याने मला लिफ्टखाली बोलावलं. पान्याने माझ्या गाडीच्या कॅटच्या डब्यावर टकटक केली. ठण्ण असा आवाज घुमला. मग शेजारच्या गाडीच्या डब्यावर टकटक केली, तर भरल्या पिंपासारखा बद्द. पुन्हा माझ्या डब्यावर. ‘खाली,’ तो म्हणाला, आणि हाताचा पंजा उघडून दाखवला. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याचं हिंदीतलं खाली, म्हणजे रिकामं. मी दोन दिवस त्या शब्दाचा मराठी अर्थ घेऊन बसले होते, आणि वर त्याला सांगितलं होतं की रिकामीच राहू दे.

त्याने मग सगळं दाखवलं. डब्यावर बारीक वेल्डिंगची रेघ होती; कापून, आतली जाळी सळीने फोडून काढून, डबा परत शिवला होता. वरून कंपनीचा, आत हवा. डब्यानंतर धूर तपासणाऱ्या सेन्सरच्या बुडाशी एक छोटी पितळी टोपी आटे करून बसवलेली, म्हणजे सेन्सर धुरापासून लांब राहील आणि इंजिनाचा दिवा पेटणार नाही. काम चांगलं केलंय, तो म्हणाला, करणारा कारागीर आहे. किती जुनं असेल, मी विचारलं. गंजावरून त्याने सांगितलं की सहा-सात वर्षं तरी.

गाडी माझ्याकडे येऊन तीन वर्षं झाली होती. त्याआधी ती एकाच माणसाकडे होती.

मी तिथून निघाले आणि जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर सिग्नलला काचा खाली करून बसले. नाकात आता तो वास स्वच्छ येत होता, मागची तीन वर्षं येत होता तसाच. मला आधी राग आला तो स्वतःचा. जिचं गाणं ऐकून माझा शीण जायचा ते गाणं त्या रिकाम्या डब्याचं होतं. मग बाबांचा आला, आणि तो काही केल्या जाईना. दर सहा महिन्यांनी ते स्वतः जाऊन गाडीचं पीयूसी काढायचे. कुठल्या तरी कोपऱ्यावरच्या व्हॅनवाल्याने नळीत काठीसुद्धा न घालता कागद दिला असणार, आणि बाबांनी तो निमूट घेऊन घरी फाइलला लावला असणार. तो कागद हातात घेताना त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मला करवेना. वर्गातल्या इतक्या मुलांना मी रिक्षाची गोष्ट सांगितली होती.

आणि हेही कळलं की गाडी विकता का आली नाही. विकायची म्हणजे घेणाऱ्याला खरं सांगायला हवं. खरं न सांगता विकणं त्यांना जमलं नसतं, आणि सांगणं तर अजिबात नाही. म्हणून ती माझ्याकडे आली. हेडरला विरोध तत्त्वाचा नव्हताच. हेडर लावायचा तर डबा निघणार, आणि डबा निघाला की लेकीला दिसणार, एवढंच होतं ते.

तीन दिवस मी त्यांना फोन केला नाही. चौथ्या दिवशी केला आणि सरळ सांगितलं की शनिवारी सकाळी अकराला गाडी गॅरेजात देतेय, कॅटवाला हेडर बसवतेय. मला कळलंय हे सांगितलं नाही. तेवढा धीर मला नव्हता, किंवा तेवढा दुष्टपणा. बाबा म्हणाले, ‘पत्ता दे. मी येतो.’

शनिवारी मी पोचले तेव्हा ते आधीच येऊन बसले होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, पायात बूट, लग्नाला निघाल्यासारखे. गॅरेजवाल्याने त्यांना प्लॅस्टिकची खुर्ची दिली होती आणि ते तिच्या कडेवर बसले होते. गाडी वर चढली. दोघं जण बोल्ट सोडवत होते, एक आटा अडला, त्यावर तेल मारून वाट बघावी लागली. बाबा सारखे डब्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांचे हात मांडीवर होते आणि अंगठे एकमेकांवर फिरत होते. मला एकदम वाटलं, हे सगळं थांबवावं, त्यांना घेऊन समोर चहा प्यायला जावं, आणि मागे हा डबा भंगारात जाऊ दे. कशाला हवं होतं मला आत डोकावायला?

डबा निघाला. गॅरेजवाल्याने तो एका डोळ्याशी धरला आणि मग माझ्यापुढे केला. एका तोंडातून बघितलं तर दुसऱ्या तोंडातून गल्लीतलं झाड सरळ दिसत होतं. तो बाबांकडे वळून सहानुभूतीने म्हणाला की अंकल, कोणी तरी तुम्हाला टोपी घातली, सर्व्हिसिंगला दिली असेल तेव्हा आतला माल काढून विकला, असे चोर फार आहेत.

मी ती संधी झडप घालून पकडली. हसत हसत मी गॅरेजवाल्याला म्हटलं की तसं नसेल, अहो, माझ्यासारखंच झालं असेल. कुणी तरी बाबांना विचारलं असेल, कॅट खाली कर दूँ? आणि आम्ही मराठी माणसं, यांना वाटलं असेल डबा जरा खाली सरकवतोय. म्हणाले असतील कर. गॅरेजवाला खो खो हसला. त्याचे दोन कामगारही हसले. सगळं सुरळीत झालं होतं. बाबांनी फक्त हसायचं होतं, किंवा नुसतं गप्प राहायचं होतं.

ते खुर्चीतून उठले.

‘नाही,’ ते म्हणाले. ‘हिचं चुकतंय. खाली म्हणजे काय ते मला बरोबर कळलं होतं. मीच सांगून करून घेतलं.’

हे त्यांनी मला नाही, गॅरेजवाल्याला सांगितलं. मग जणू तेवढं पुरेसं नव्हतं म्हणून आपण कुठे नोकरीला होतो तेही सांगितलं. तीस वर्षं हवा तपासली, त्यानंतर हे केलं, असं. आवाज चढा नव्हता, पण गॅरेजातलं हसणं थांबलं. गॅरेजवाला हात पुसत राहिला. सगळेच करतात अंकल, तो म्हणाला. मला बघायचं होतं काय फरक पडतो, बाबा म्हणाले. बघून झालं की परत बसवणार होतो. आणि माझ्याकडे न बघता ते पुन्हा खुर्चीवर बसले.

मला त्या क्षणी रडू आलं आणि ते लपवायला मी नव्या हेडरकडे वळले. चार नळ्या फडक्यात गुंडाळलेल्या होत्या. मी फडकं सोडलं. थोड्या वेळाने बाबाही येऊन शेजारी उभे राहिले. नव्या कॅटच्या तोंडातून आत बघत त्यांनी विचारलं की हिची भोकं कंपनीच्यापेक्षा किती विरळ आहेत, आणि मग धूर जाळीत पुरेसा वेळ राहतो का. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी ते हेच विचारतील म्हणून मी तयारी करून गेले होते. मी उत्तर दिलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. त्याचं उत्तर मला माहीत नव्हतं, गॅरेजवाल्यालाही नव्हतं.

बसवायला चार तास लागले. चालू केली तेव्हा आवाज आधीपेक्षा दबका होता, थोडा घसा बसल्यासारखा. मी मागे बसून वास घेतला. इंजिन तापल्यावर गरम, ओलसर हवा, बाकी काही नाही. बाबांनीही वाकून वास घेतला. वय झालेल्या माणसाने रस्त्यावर उकिडवं बसून धूर हुंगणं हे बघायला गल्लीतले दोन जण थांबले.

त्यांना कांदिवलीला सोडायला मी हायवेला लागले. शनिवारची गर्दी, गोरेगावपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर जाता आलं नाही. माझा राग केव्हाच ओसरला होता. त्यांनी त्या कामगारांसमोर जे सांगितलं त्यानंतर राग धरायला जागाच उरली नव्हती. पण एक गोष्ट मला अजून कळत नव्हती आणि ती विचारल्याशिवाय मला झोप आली नसती. बघायचं होतं, हे समजलं. बघून झालं. पुढे इतकी वर्षं हातात होती.

दिंडोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा मी विचारलं, ‘बाबा, परत का नाही बसवली?’

ते समोर बघत होते. त्यांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला. मला वाटलं खर्चाचं काही सांगतील, किंवा नुसती कॅट वेगळी मिळत नव्हती म्हणतील. आणि मग ते मालवणीत बोलले, जी भाषा ते आजीशी बोलायचे आणि आजी गेल्यापासून मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती.

‘मजा येत होती गो. तुझ्या आवशीक जावन दोन वर्सां झाली होती, आणि माका सकाळी उठल्यार मजा येत होती. म्हणान बसवक नाय. म्हणान तर गाडी तुका दिलंय.’

सिग्नल सुटला होता. मागच्या रिक्षा हॉर्न वाजवायला लागल्या, आणि मला काही केल्या पहिला गिअर सापडेना.